सरोवर पवित्र कोणी केले?

अलीकडे मराठीत कल्पित विश्वांच्या कथा-कादंबऱ्या लिहू पाहणाऱ्या तरुणांची संख्या वाढते आहे, आणि ही गोष्ट आनंदाचीच आहे. परंतु त्यांच्या लेखनात एक दृश्य इतक्या सातत्याने येते की त्याविषयी स्पष्ट बोलण्याची वेळ आली आहे. उत्तुंग पर्वत असतो. त्याच्या माथ्यावर निळे, निश्चल सरोवर असते. भोवती बर्फाची शिखरे असतात (सह्याद्रीत वाढलेल्या लेखकाला ती कोठे भेटली, हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवू). सरोवर 'आदिम काळापासून पवित्र' असते. नायक तेथे पोहोचतो, ओंजळभर पाणी पितो, त्याच्या जखमा भरतात, कधी त्याला पूर्वजन्म आठवतो, आणि कथा पुढे सरकते. त्या सरोवराच्या काठी कोणी धुणे धूत नाही. तेथे पुजारी नाही, दक्षिणा नाही, पाण्याची पाळी नाही. कोणाला तेथे येण्यास मज्जाव नाही, कारण नायकाखेरीज तेथे कोणी येतच नाही. त्या पाण्यात पाय बुडवून कोणाचे पाय ओले होत असतील असेही वाटत नाही.

माझा आक्षेप अद्भुताला नाही. या सरोवराला पवित्र कोणी केले, हे लेखकाला ठाऊक नाही आणि ते ठाऊक असणे आवश्यक आहे असेही त्याला वाटत नाही, याला माझा आक्षेप आहे. 'पवित्र' हे विशेषण त्याने 'निळे' या विशेषणाशेजारी ठेवून दिले आहे. जणू दोन्ही पाण्याचेच गुण. निळेपणा प्रकाशामुळे येतो. पावित्र्य माणसांमुळे येते, आणि ते आणताना माणसे भांडतात, खोटे बोलतात, कष्टतात, कोणाला तरी बाहेर काढतात. हा सगळा व्यवहार गाळून उरते ते रंगवलेल्या पडद्यावरचे पाणी.

१.

या तरुण लेखकांना विरोध करणारा एक पक्ष आपल्या मराठी विभागांत बसलेला आहे. त्याचे म्हणणे असे की कल्पित विश्व रचणे हा परकीय उद्योग आहे. तो वास्तवापासूनचे पलायन आहे. आणि ज्यांना अद्भुत हवे त्यांच्यासाठी आपली पुराणे पुरेशी आहेत. या म्हणण्यातला पहिला भाग इतिहासाला धरून नाही. बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' १८५७ ची, आणि लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची 'मुक्तामाला' १८६१ ची. विधवांच्या दुःखाची कादंबरी आणि अद्भुतरम्य कादंबरी यांच्यात मराठीत अवघ्या चार वर्षांचे अंतर आहे. पुढे जी. ए. कुलकर्णी यांच्या 'रमलखुणा'तील (१९७५) 'प्रवासी' आणि 'इस्किलार' या दीर्घकथा कोणत्याही नकाशावर न सापडणाऱ्या भूमीत घडल्या, आणि त्यांना पलायन म्हणण्याचे धाडस आज कोणी जबाबदार समीक्षक करणार नाही.

पण या पक्षाचा दुसरा दावा, पुराणे पुरेशी आहेत हा, अधिक तपासून घेण्यासारखा आहे. कारण तो करणारे बहुधा पुराण वाचत नाहीत. पुराणाच्या आठवणीवर भागवतात. त्यांच्या आठवणीतली गोदावरी आणि तरुण लेखकाचे निळे सरोवर यांत मुळी फरकच नाही. दोन्ही निष्कलंक, दोन्ही निर्जन. एक पक्ष परंपरेचे नाव घेतो, दुसरा कल्पनाशक्तीचे; दोघांनाही पावित्र्य आयते मिळालेले हवे असते. म्हणूनच या दोघांपुढे एकच उदाहरण ठेवावेसे वाटते, आणि नाशिकच्या वाचकाला ते तीस किलोमीटरच्या आत सापडते.

२.

त्र्यंबकेश्वराच्या मागे ब्रह्मगिरी उभा आहे, सुमारे १३०० मीटर उंचीचा. या डोंगरावर गोदावरी उगम पावते आणि सुमारे १४६५ किलोमीटर वाहून बंगालच्या उपसागराला मिळते. डोंगराच्या पायथ्याशी, गावात, कुशावर्त हे कुंड आहे. आज दिसणारे त्याचे दगडी बांधकाम अठराव्या शतकातले. होळकरांचे फडणीस पारनेरकर यांनी ते करविले. शिल्प, ओवऱ्या, पायऱ्या हे सगळे माणसाच्या हातचे आणि कोणाच्या तरी खर्चाचे. मात्र या कुंडाची कथा बांधकामाहून कितीतरी जुनी आहे, आणि ती निर्मळ मुळीच नाही.

शिवपुराणाच्या कोटिरुद्रसंहितेत ती अशी येते. दीर्घ अवर्षण पडते. गौतम तप करून वरुणाकडून अक्षय पाणी मिळवतो. त्या पाण्याच्या आधाराने इतर ऋषी आपापल्या कुटुंबांसह तेथे येऊन राहतात. मग एके दिवशी पाणवठ्यावर तंटा होतो: गौतमाचे शिष्य पाणी भरायला जातात आणि ऋषिपत्नी म्हणतात, पहिली पाळी आमची. अहल्या स्वतः पाणी आणू लागते. तंटा घराघरांत पोहोचतो. ज्याच्या पाण्यावर आपण जगलो त्यालाच येथून घालवायचे असे ऋषी ठरवतात, आणि गणपतीला त्या कामाला लावतात. एक मरतुकडी गाय गौतमाच्या शेतात शिरते, तो तिला गवताच्या काडीने हाकलतो, आणि गाय कोसळून मरते. गोहत्येचा कलंक लावून गौतमाला आश्रमाबाहेर काढले जाते. प्रायश्चित्त म्हणून त्याला ब्रह्मगिरीच्या प्रदक्षिणा आणि तप करावे लागते, तेव्हा शिवाच्या जटेतून गंगा उतरते. आणि उतरूनही ती थांबत नाही. पुनःपुन्हा गुप्त होते. शेवटी गौतम कुश गवताने तिचा मार्ग अडवतो. ती जेथे अडली ते कुशावर्त.

ब्रह्मपुराणातल्या 'गौतमीमाहात्म्य' या मोठ्या भागात हेतू वेगळा आहे. तेथे शिवाच्या मस्तकावर बसलेल्या गंगेविषयी पार्वतीच्या मनात सल आहे, आणि गंगेला खाली आणवण्यासाठी कारस्थान रचले जाते. गौतम त्यात केवळ साधन ठरतो. पण गायीचे सोंग आणि गौतमावर लादलेला दोष दोन्हीकडे कायम आहेत.

आता ही कथा लेखक म्हणून वाचा. तिच्या मुळाशी दुष्काळ आहे आणि पाणवठ्यावरची पाळी आहे. मध्ये कृतघ्नता, कारस्थान, खोटा आरोप. ज्याने काही केलेले नाही तो प्रायश्चित्त घेतो. आणि अखेरीस जे पाणी मिळते ते सहज मिळत नाही. ते निसटते, त्याला गवताने, म्हणजे हाताशी असलेल्या सर्वांत क्षुल्लक वस्तूने, थोपवून धरावे लागते. ज्या गवताच्या काडीने गाय मेली त्याच जातीच्या वस्तूने गंगा अडते. कुशावर्ताचे पावित्र्य या साऱ्या घटनाक्रमात आहे. तो वगळून 'कुशावर्त हे परमपवित्र तीर्थ होय' एवढेच वाक्य विद्यार्थ्याच्या वहीत उतरले, तर पुराणही गेले आणि साहित्यही.

याच डोंगराची आणखी एक कथा वारकरी परंपरा सांगते. संन्यास सोडून संसारात परतलेले विठ्ठलपंत आपल्या वाळीत टाकलेल्या कुटुंबासह ब्रह्मगिरीच्या प्रदक्षिणेला आले असता वाघ आडवा आला, कुटुंबाची पांगापांग झाली, आणि लहानगा निवृत्ती एका गुहेत शिरला. तेथे त्याला गहिनीनाथ भेटले. निवृत्तिनाथांची समाधी आज त्र्यंबकेश्वरातच आहे. म्हणजे डोंगराची ही दुसरी मोठी कथाही बाहेर काढलेल्यांची आहे. गौतमाला ऋषींनी काढले, विठ्ठलपंतांच्या घराला ब्रह्मवृंदाने. परंपरेने या स्थळाचे माहात्म्य सांगताना बहिष्कृतांना लपवले नाही. त्यांच्याच वाटेने ते सांगितले. हे धैर्य आजच्या लेखकाच्या अंगी नसेल, तर त्याने परंपरेपासून दूर जाण्याची किंवा तिच्याकडे परतण्याची भाषा करू नये. तो तिला भेटलेलाच नाही.

३.

परकीय अद्भुताचे काय? जे. आर. आर. टोल्कीन यांचे अनुकरण केल्याचा आरोप आपल्या तरुणांवर होतो. माझी तक्रार उलट आहे: अनुकरण धड झालेले नाही. 'द लॉर्ड ऑफ द रिंग्स'च्या पहिल्या खंडात (१९५४) मोरियाच्या डोंगरांखाली खेलेद-झाराम नावाचे सरोवर आहे. खुजांच्या वंशाचा मूळपुरुष दुरिन त्यात डोकावला तेव्हा त्याला आपल्या मस्तकाभोवती ताऱ्यांचा मुकुट दिसला, म्हणून ते त्यांना पवित्र. गिम्ली संकटातून जेमतेम बाहेर पडलेला असतानाही वाट वाकडी करून ते पाहायला जातो. येथवर आपल्या लेखकांनी वाचलेले असते.

पुढचे त्यांनी वाचलेले नसावे. खुजांनी डोंगराच्या पोटात जी हाव धरून खोदकाम केले त्यातूनच बॅलरॉग जागा झाला, आणि त्यांना आपल्या पवित्र भूमीतून निघून जावे लागले. पुढे त्याच दरीत ऑर्कांशी मोठे युद्ध झाले. मेलेले खुजे इतके होते की रिवाजाप्रमाणे प्रत्येकाला दगडी थडगे देणे अशक्य झाले. दरीतली झाडे तोडून प्रेते जाळावी लागली, आणि ती दरी पुढे कायमची उजाड राहिली. गिम्ली ज्या पाण्यात पाहतो त्याच्या काठावर हा सारा हिशेब मांडलेला आहे. सरोवर ज्यांचे, ते तेथे राहत नाहीत. त्याच्या पावित्र्याला निर्वासितांचा आवंढा चिकटला आहे, आणि म्हणून काही पानांपुरते येणारे ते पाणी वाचकाच्या स्मरणात राहते.

उर्सुला ले ग्विन यांनी 'द टूम्ब्ज ऑफ आतुआन'मध्ये (१९७१) याहून कठोर मार्ग धरला. तेथे पवित्र स्थळ म्हणजे वाळवंटातली थडगी आणि त्यांखालचा अंधारा भूलभुलैया. पण कादंबरी सुरू होते ती त्या स्थळाची सेवा करण्यासाठी घरातून उचलून आणलेल्या मुलीपासून, जिचे नावसुद्धा काढून घेतले जाते. पावित्र्य टिकवायला माणूस लागतो. तो कोण, आणि त्याचे काय होते, हे ले ग्विन सोडत नाहीत. त्या एका मानववंशशास्त्रज्ञाच्या कन्या होत्या, हे येथे आठवणे अप्रस्तुत नाही. देवळाकडे पाहताना देवाइतकेच झाडलोट करणाऱ्याकडे पाहण्याची सवय त्या शिस्तीत लागते.

४.

यावर एक उत्तर ठरलेले असते: 'कल्पित विश्वात वास्तवातले हेवेदावे कशाला आणायचे? निदान तेथे तरी निर्मळ काही असू द्या.' या उत्तरातला 'निदान' मला अस्वस्थ करतो. निर्मळतेची कल्पना कधीच निरुपद्रवी नव्हती, आणि महाराष्ट्राला तरी हे सांगावे लागू नये.

त्यासाठी क्षणभर नाशिक सोडून कोकणात, महाडला जाऊ. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर आणि त्यांचे सहकारी चवदार तळ्याचे पाणी प्यायले. त्यानंतर सवर्णांनी पंचगव्याच्या घागरी ओतून ते तळे 'शुद्ध' केले. चवदार तळे हे काही तीर्थक्षेत्र नव्हते. नगरपालिकेचे सार्वजनिक तळे होते, आणि ते सर्वांना खुले असल्याचा ठरावही झालेला होता. स्पर्श होताच मात्र त्याला एकाएकी पावित्र्य आले, कारण ते नाकारण्यासाठी कोणी तरी उभे होते. पावित्र्य पाण्यात नसते, ते काठावर ठरते, याचा इतका स्वच्छ पुरावा दुसरा नाही. आता परत नाशिकला. २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, तो रामकुंडापासून हाकेच्या अंतरावर, आणि वर्षानुवर्षे चालूनही दार उघडले नाही. १९३५ मध्ये धर्मांतराची घोषणा याच जिल्ह्यात, येवल्याला झाली.

हा इतिहास असलेल्या भाषेत कोणी 'आदिम काळापासून पवित्र, निर्मळ सरोवर' असे लिहिते, तेव्हा मी वाचक म्हणून एकच प्रश्न विचारतो: या सरोवरावर कोणाला येऊ देत नाहीत? लेखकाकडे उत्तर नसेल तर त्याने त्या विश्वाचा विचारच केलेला नाही. उत्तर 'सर्वांना येऊ देतात' असे असेल, तर तेही चालेल. परंतु मग तसे होण्यासाठी त्या विश्वात काय घडले ते सांगावे लागेल. ती कथा कदाचित लेखकाच्या मूळ कथेहून मोठी निघेल.

आणि भांडण केवळ सवर्ण-अवर्णांचेच असते असेही नाही. सिंहस्थात शैव आखाडे त्र्यंबकला कुशावर्तावर आणि वैष्णव नाशिकला रामकुंडावर स्नान करतात. ही वाटणी कोणत्याही पुराणाने केलेली नाही. स्नानाच्या मानावरून झालेल्या रक्तरंजित संघर्षानंतर पेशवाईत ती ठरली. एकाच नदीवर दोन घाट, दोन क्रम, दोन मिरवणुका: कोणत्याही कल्पित विश्वाच्या रचनाकाराला हेवा वाटावा असा हा तपशील आहे. तो आपल्या दाराशी पडून आहे आणि आपण हिमशिखरे रंगवत बसलो आहोत.

५.

हा वाद केवळ अभिरुचीचा असता तर इतके शब्द खर्ची घातले नसते. भाषेची सवय पुस्तकाबाहेर पडते. पाणी पवित्र आहे हे वाक्य आपण इतक्या वेळा अर्थाविना उच्चारतो की पाणी आहे का, हे पाहायचे राहून जाते.

२०१५ च्या सिंहस्थात गंगापूर धरणाचे पाणी शाही स्नानासाठी सोडावे की टंचाईच्या वर्षात पिण्यासाठी राखावे, हा वाद मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला. पुढच्याच वर्षी, २०१६ च्या उन्हाळ्यात, रामकुंड कोरडे पडले आणि त्यात टँकरने पाणी आणून ओतावे लागले. टँकरने भरलेले तीर्थ! मराठी कल्पित साहित्याला याहून विलक्षण प्रतिमा कोणी द्यावी? ब्रह्मगिरीच्या परिसरात पाऊस धो धो पडतो. तरीही त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या आदिवासी पाड्यांवर बायका तळ गाठलेल्या विहिरीत उतरून पाणी काढत असल्याची छायाचित्रे उन्हाळ्यात वृत्तपत्रांतून वारंवार येतात. कोटिरुद्रसंहितेतल्या पाणवठ्यावरच्या त्या तंट्याला आजही पूर्णविराम मिळालेला नाही, इतकेच. ज्याने ती कथा नीट वाचली आहे त्याला हे छायाचित्र पाहताना गौतमाची आठवण होईल. ज्याने फक्त माहात्म्य पाठ केले आहे त्याला ही पाणीपुरवठा खात्याची बाब वाटेल.

श्रद्धावंतांचा यात अपमान होतो असेही म्हटले जाईल. मला तसे वाटत नाही. कुशावर्तात बुडी मारणारा माणूस पाण्याच्या रंगाकडे पाहून तेथे येत नाही. तो आपल्यामागचे काही तरी घेऊन येतो: पितरांचे ऋण, एखादा दोष, एखादे न सांगण्यासारखे दुःख. त्याचे पावित्र्य व्यवहारात मुरलेले असते आणि पाणी गढूळ आहे हे त्याला दिसत असते. पुराणकारांनाही ते दिसत होते. त्यांनी तीर्थाच्या कथेत खोटी गाय आणली आणि देवांच्या हातून कारस्थान करविले, म्हणून तीर्थ कमी झाले नाही. निर्मळतेचा अट्टाहास हा नंतरच्या सुशिक्षितांचा आहे, आणि आपली पाठ्यपुस्तके तो इमानाने चालवत आहेत.

६.

तेव्हा मागणी दोघांकडे. अध्यापक मित्रांनी अद्भुतकथेचे नाव निघताच पलायनाचा शिक्का काढू नये. त्याऐवजी कोटिरुद्रसंहितेतली गौतमकथा आणि टोल्कीन यांचे खेलेद-झाराम एकाच तासाला शेजारी शेजारी ठेवून वाचावे, आणि विद्यार्थ्यांना विचारावे की दोन्हीकडे पाण्याला पवित्र करणारी घटना कोणती, आणि तिची किंमत कोणी मोजली. पुराण आणि कादंबरी यांच्यामध्ये आपण उभारलेली भिंत त्या एका प्रश्नाने बरीच खाली येईल.

आणि लेखक मित्रांनी सरोवर जरूर कल्पावे. ते उंच डोंगरावर असावे, त्याच्या पाण्यात तारे दिसावेत, जखमा भरून याव्यात. यांपैकी कशालाही माझी हरकत नाही. पण लिहिण्यापूर्वी काही गोष्टी त्यांनी स्वतःशी ठरवाव्यात. काठावरचा गाळ कोण काढते? उन्हाळ्यात पाणी किती खाली जाते? पहिली पाळी कोणाची, आणि ती कोणी ठरवली? खाली दरीत राहणाऱ्यांना त्या पाण्यातले काय मिळते? ज्याला एकदा तेथून हाकलले होते त्याचे वंशज आज कोठे आहेत? सगळी उत्तरे कथेत यावीत असे नाही. पण लेखकाला ती ठाऊक असतील, तर नायक ओंजळ भरण्यासाठी वाकेल तेव्हा आपणही थांबून पाहू की पाणी त्याच्या हाती लागते आहे की नाही.

२०२६-२७ चा सिंहस्थ येतो आहे. त्या काळात नाशिक-त्र्यंबकविषयी 'पवित्र' हा शब्द लक्षावधी वेळा छापला जाईल, बोलला जाईल, फलकांवर रंगवला जाईल. त्यात साहित्याच्या माणसांनी आणखी एकाची भर घालण्याचे कारण नाही. आपले काम तो शब्द वापरणाऱ्याला थांबवून, कोणी केले, केव्हा केले आणि कोणाला वगळून केले, हे विचारण्याचे आहे.